कामाचे कपडे आणि कराचा हिशेब

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे शाळेच्या पहिल्या दोन-चार इयत्तांतच सर्वांना शिकविले जाते. परंतु त्यांतील मधल्या शब्दाने करकायद्यात केवढा वाद उभा केला आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. गवंड्याचे जाड बूट, वेल्डिंग करणाऱ्याचे चामडी हातमोजे, परिचारिकेचा गणवेश, वकिलाचा काळा कोट आणि सल्लागार अभियंत्याचा शिवून घेतलेला सूट ही सारी वस्त्रेच आहेत, आणि ही सारी कामासाठीच घेतली गेली असे घेणारा प्रामाणिकपणे सांगत असतो. तरीही यांपैकी काहींचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून मान्य होतो आणि काहींचा होत नाही. ही विभागणी कोणत्या तत्त्वावर होते, हे समजून घेणे कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

कंत्राटदार या शब्दाखाली आज अनेक प्रकारची माणसे येतात. बेळगाव-गोव्याकडे ज्याला कंत्राटदार म्हणतात, त्यालाच इंदूर-ग्वाल्हेरकडे ठेकेदार आणि हैदराबादेकडे गुत्तेदार म्हणतात. आणि हा शब्द ऐकताच बांधकामाचा मक्ता घेणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाची व्याप्ती बरीच मोठी आहे. एखाद्या बँकेत सहा महिने राहून संगणकाची कामे पार पाडणारा तज्ज्ञ, एका कारखान्याचा नकाशा करून दुसऱ्या कारखान्याकडे वळणारा अभियंता, भिंती रंगविणारा रंगारी आणि छप्पर शाकारणारा कारागीर हे सर्व तेथे कंत्राटदार म्हणवतात. यांच्यांत एक गोष्ट समान आहे. ते कोणाचे पगारदार नसतात. म्हणून त्यांची हत्यारे, त्यांचा प्रवास आणि त्यांचे कपडे यांचा भार त्यांच्याच खिशावर पडतो.

कर हा मिळकतीवर नव्हे, तर नफ्यावर पडतो. हाती आलेल्या रकमेतून धंद्याचा खर्च वजा जाता जे उरते, त्यावर सरकारचा हक्क. ज्याच्या उत्पन्नाचा वरचा थर तीस टक्के दराने करपात्र आहे, त्याचे पाच हजार रुपयांचे बूट धंद्याचा खर्च ठरले तर त्याचे दीड हजार रुपये वाचतात. घरखर्च ठरले तर एक पैसाही वाचत नाही. इंग्लंडमधील बांधकामाच्या धंद्यात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. तेथे मुख्य कंत्राटदार उपकंत्राटदाराच्या मजुरीतून आधीच कर कापून सरकारजमा करतो. नोंदणी असलेल्याचे २० टक्के आणि नसलेल्याचे ३० टक्के. वर्षाअखेर खर्चाचा हिशेब दाखवल्यावर जादा कापलेली रक्कम परत मिळते. तेव्हा बूट खर्चात धरायचे की नाहीत, यावर एका कारागिराच्या घरात येणारी रोकड अवलंबून असते.

या प्रश्नाचा निकाल लावणारे सूत्र इंग्रजी कायद्यात अवघ्या दोन शब्दांत बसविले आहे. खर्च हा धंद्यासाठी 'सर्वस्वी आणि केवळ' केलेला असला पाहिजे. 'सर्वस्वी' हा शब्द रकमेविषयी आहे. खर्च केलेली सगळी रक्कम धंद्याच्या कारणी लागली पाहिजे. 'केवळ' हा शब्द हेतूविषयी आहे. त्या खर्चामागे धंद्याखेरीज दुसरा हेतू असता कामा नये. पहिल्या शब्दाचा अर्थ लावणे सोपे आहे. दुसऱ्याने मात्र न्यायाधीशांना माणसाच्या मनात शिरावयास लावले, आणि एकदा तर एका वकीलबाईंच्या कपड्यांच्या कपाटातही डोकावण्यास भाग पाडले.

त्या वकीलबाई म्हणजे अॅन मॅलेल्यू. त्या लंडनमध्ये स्वतंत्रपणे वकिली करीत. इंग्लंडमध्ये न्यायालयापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्री वकिलाने झग्याच्या आत गडद आणि साध्या रंगाचे, लक्ष न वेधणारे कपडे घालावेत, असा वकीलवर्गाच्या संस्थेचा दंडक होता. केसांचा टोप, झगा आणि गळपट्ट्या यांच्या खर्चाविषयी काही वाद नव्हता. त्या वस्तू न्यायालयाबाहेर कोण घालणार? वाद होता तो आतील काळ्या पोशाखाचा, काळ्या बुटांचा आणि पायमोज्यांचा. १९७६-७७ च्या सुमारास हे कपडे नव्याने घेणे, धुणे आणि साफ करणे यांवर झालेला खर्च बाईंनी व्यवसायाच्या हिशेबात दाखवला, आणि करनिरीक्षक ड्रमंड यांनी तो नाकारला. त्यातून 'मॅलेल्यू विरुद्ध ड्रमंड' हा पुढे विख्यात झालेला खटला उभा राहिला.

बाईंची बाजू मोठी सरळ होती. त्यांच्यापाशी स्वतःच्या आवडीचे, रंगीत आणि पुरेसे कपडे होते. अंग झाकण्यासाठी वा थंडी निवारण्यासाठी त्यांना आणखी वस्त्रांची गरज नव्हती. काळा रंग त्यांना आवडत नसे आणि शोभतही नसे. वकिली नसती तर त्यांनी हे कपडे विकत घेतले नसते. तेव्हा त्या खरेदीमागे व्यवसायाखेरीज दुसरा कोणता विचार त्यांच्या मनात असणार? हे म्हणणे खोटे आहे असे कोणीच म्हटले नाही. खालच्या अधिकाऱ्यांनी दावा फेटाळला, पण उच्च न्यायालयाने आणि त्यानंतर अपील न्यायालयानेही बाईंचाच पक्ष उचलून धरला. खर्च करणाऱ्याच्या मनात एकच हेतू होता हे सिद्ध झाल्यावर, त्या खर्चातून दुसरा एखादा लाभ ओघाने झाला तरी बिघडत नाही, अशी त्या न्यायालयांची विचारसरणी होती.

जुलै १९८३ मध्ये हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे निकालास आले, आणि चार विरुद्ध एक मताने निर्णय उलटला. मुख्य निकालपत्र लॉर्ड ब्राइटमन यांचे होते. त्यांच्या विवेचनाचे सार असे, की खरेदीच्या क्षणी मनात जो विचार जाणीवपूर्वक चाललेला असतो, तेवढाच माणसाचा हेतू नव्हे. काही हेतू इतके उघड असतात की ते मनात आणावेच लागत नाहीत. कामावर निघालेला माणूस कपडे घालतो तो काम करण्यासाठी आणि त्याच वेळी अंगाला ऊब मिळावी, लज्जारक्षण व्हावे यासाठीही. वकीलबाई न्यायालयात वकील म्हणून उभ्या असतात, पण त्या वेळी त्यांचे माणूसपण नाहीसे होत नाही. म्हणून त्या काळ्या पोशाखामागे दोन हेतू होते, आणि 'केवळ' या शब्दाला दोन हेतू चालत नाहीत.

या निकालाला एकट्या लॉर्ड एल्विन-जोन्स यांनी विरोध केला. खालच्या न्यायालयांनी मान्य केलेला युक्तिवाद त्यांना पटत होता, आणि आजही अनेकांना तो पटतो. ज्या माणसाच्या घरी कपाटभर कपडे आहेत, त्याला कामाच्या ठिकाणी दुसरे कपडे सक्तीने घालावे लागतात; तेव्हा त्या दुसऱ्या कपड्यांनी त्याची ऊब आणि लज्जा राखली, हा लाभ त्याने मागितलेला नसतो. परंतु बहुमताच्या दृष्टीने पाहिले तर या युक्तिवादाला कोठे थांबवायचे हा प्रश्न उरतो. कचेरीत जाणारा प्रत्येकजण असेच म्हणू शकेल, की हा कडक इस्त्रीचा सदरा नोकरीपायीच घ्यावा लागला. घरी आपण जुन्या पायजम्यावर सुखी असतो. मग ज्याचा पोशाख जितका महाग, तितकी त्याची वजावट मोठी, आणि साध्या कपड्यांत काम करणाऱ्याने त्याची भर सोसायची, असा प्रकार होईल. योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या सभागृहाच्या न्यायपीठाने या बाईंचा दावा फेटाळला, त्याच सभागृहाच्या त्या १९९१ साली सदस्य झाल्या.

या विचाराचे बीज त्याहून जुने आहे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात न्यायालयात लघुलेखन करणाऱ्या एका इसमाने आपल्या आजारपणाचा खर्च व्यवसायात दाखवला होता. कामाच्या जागेच्या गैरसोयीमुळेच प्रकृती बिघडली, असे त्याचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने तो दावा अमान्य केला. कारण वैद्याने बरे केले ते लघुलेखकाला आणि त्याबरोबरच एका जिवंत माणसालाही. ज्या खर्चाने धंदेवाईकाबरोबर माणूसही पोसला जातो, तो 'केवळ' धंद्याचा राहत नाही, ही रेषा तेथूनच आखली गेली होती. १९८३ च्या निकालाने ती वस्त्रांपर्यंत वाढवली.

मात्र या निकालाने सर्वच पोशाखांचे दार बंद केले असे समजणे चुकीचे होईल. त्याच निकालात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या परिचारिकेच्या गणवेशाचे आणि मेजवान्यांत वाढप करणाऱ्या वाढप्याच्या लांब शेपटीच्या कोटाचे उदाहरण चर्चिले गेले, आणि तो खर्च चालण्याजोगा मानला गेला. परिचारिकेचा गणवेश तिची ओळख आहे, तिच्या कामातील स्वच्छतेचा भाग आहे. तो घालून कोणी बाजारात वा लग्नाला जात नाही. तोच लांब कोट एखाद्या सरदाराने मेजवानीला घातला तर तो त्याचा शौक, आणि वाढप्याने घातला तर तो त्याचा गणवेश. वस्त्र एकच असले तरी ते कोणाच्या अंगावर आणि कशासाठी आहे, यावरून त्याचा गुण बदलतो.

यावरून तेथील करखात्याने जी पद्धत पाडली, तिच्यात कपड्यांचे चार गट सहज दिसतात. पहिला गट संरक्षक साधनांचा. डोक्यावरचे शिरस्त्राण, पोलादी टोकाचे बूट, ठिणग्यांपासून वाचवणारा एप्रन, दुरून दिसणारे चकचकीत पट्ट्यांचे जाकीट, संरक्षक चष्मा आणि हातमोजे यांचा खर्च निःशंकपणे मान्य होतो. ही साधने शरीरापेक्षा धंद्यातील धोक्याशी बांधलेली आहेत. दुसरा गट गणवेशाचा. ज्यावर संस्थेचे नाव वा चिन्ह कायमचे आणि ठळकपणे शिवलेले आहे, ज्याकडे पाहताच घालणाऱ्याचे काम ओळखू येते, असा पोशाख चालतो. नुसता विशिष्ट रंग किंवा काढता येणारा बिल्ला पुरत नाही. तिसरा गट रंगभूमीच्या वेषांचा. नटाने भूमिकेसाठी घेतलेला वेष हा त्याच्या धंद्याचे साधनच होय. २०१८ साली तेथील करन्यायाधिकरणाने एका स्वतंत्र व्यावसायिक नर्तकीच्या वेषभूषेचा खर्च याच न्यायाने मान्य केला.

चौथा गट मोठा आणि निराश करणारा आहे. तो रोजच्या वापराच्या कपड्यांचा. ग्राहकाच्या कचेरीत जाण्यासाठी घेतलेला सूट, सभेसाठी घेतलेले काळे बूट, बांधकामावर लवकर फाटतात म्हणून जास्त घ्याव्या लागणाऱ्या साध्या विजारी हे सर्व याच गटात मोडतात. १९७६ साली संगणकक्षेत्रातील एका अभियंत्याने सूटच्या खर्चासाठी आणि १९७९ साली बांधकामांची पाहणी करणाऱ्या एका सर्वेक्षकाने कपड्यांच्या झिजेसाठी दाद मागितली होती. दोघेही पगारदार होते आणि दोघांनाही नकार मिळाला. कपडे धुण्याचा खर्च कपड्यांच्या मागोमाग जातो. ज्या पोशाखाची खरेदी मान्य, त्याची धुलाई मान्य. ज्याची अमान्य, त्याची धुलाईही अमान्य. ज्या पगारदारांना गणवेश स्वतः धुवावा लागतो, त्यांच्यासाठी वर्षाला ६० पौंडांची ठोक वजावट तेथे ठेवली आहे. काही धंद्यांना ती याहून अधिक आहे.

येथे एक शंका अनेकांच्या मनात येते. २००५ च्या इंग्लिश कायद्यात अशी सोय आहे, की खर्चाचा एखादा भाग निश्चितपणे वेगळा काढता येत असेल तर तेवढा भाग धंद्यात धरावा. मोटारीचा खर्च असा विभागता येतो, कारण मैलांची नोंद ठेवता येते. दूरध्वनीचाही विभागता येतो. मग सूटाचा अर्धा खर्च का धरू नये? याचे उत्तर असे, की मोटार एका वेळी एकाच कामावर धावते. कपडे मात्र ज्या क्षणी धंद्याचे काम करतात, त्याच क्षणी अंगही झाकतात. दोन्ही हेतू एकाच धाग्यात विणलेले असल्यामुळे कात्री कोठे लावावी हे कळत नाही.

दुसरी शंका चतुर माणसाची असते. अनेक इंग्लिश कंत्राटदार स्वतःची छोटी कंपनी काढतात आणि तिचेच संचालक होतात. तेव्हा कपडे कंपनीनेच घेतले तर? कंपनीला ना थंडी वाजते ना लाज वाटते. युक्ती चांगली, पण ती फार दूर नेत नाही. कंपनीने संचालकाला सूट दिला की तो त्याच्या वेतनाचाच एक प्रकार मानला जातो आणि त्यावर त्याला कर भरावा लागतो. संरक्षक साधने आणि खरा गणवेश दिला तर असा कर पडत नाही. आणि संचालकाने स्वतःच्या खिशातून खर्च केला, तर त्याला पगारदारांची कसोटी लागू होते. ती अधिक कठोर आहे. तेथे 'सर्वस्वी' आणि 'केवळ' यांच्या जोडीला 'अपरिहार्यपणे' हा तिसरा शब्द उभा असतो.

इतर देशांनी याच प्रश्नाला थोड्या निराळ्या रीतीने हात घातला आहे. अमेरिकेत १९८० साली एका अपील न्यायालयापुढे डल्लास शहरातील एका उंची फ्रेंच पोशाखांच्या दुकानाच्या व्यवस्थापिकेचे प्रकरण आले. दुकानातील महागडे कपडे अंगावर घालूनच काम करावे, अशी मालकांची अपेक्षा होती. बाईंची राहणी साधी. ते कपडे त्या दुकानाबाहेर घालीत नसत. त्यांनी सुमारे १,३८२ डॉलरचा खर्च मागितला, करन्यायालयाने तो दिला आणि अपील न्यायालयाने तो काढून घेतला. घालणारीची राहणी कशी आहे हे न पाहता, तो पोशाख सर्वसाधारणपणे बाहेर घालण्याजोगा आहे की नाही एवढेच पाहावे, अशी कसोटी त्या न्यायालयाने लावली. त्याच कसोटीमुळे अमेरिकेत रंगाऱ्याची पांढरी डगली-विजार, त्याच्या संघटनेने सक्ती केली असली तरी, वेगळ्या धाटणीची नाही म्हणून वजावटीस अपात्र ठरते. वेल्डिंग करणाऱ्याच्या निळ्या कपड्यांचीही तीच गत. २०१८ पासून तर तेथील पगारदारांची ही वजावट मुळातच बंद झाली. स्वतंत्र व्यावसायिकांची राहिली.

ऑस्ट्रेलियाने मात्र एका बाबतीत उदार दृष्टी दाखवली. तेथील प्रखर उन्हात उघड्यावर काम करणाऱ्यांनी टोपी, काळा चष्मा आणि उन्हाचे मलम यांवर केलेला खर्च २००२ च्या निर्णयानंतर मान्य होऊ लागला. ऊन हा तेथे कामातील धोकाच आहे, हे न्यायालयाने ओळखले. इंग्लंडची थंडी माणसाला घरीही गाठते. शेतावरचे वा रस्त्यावरचे ऊन कामकऱ्याला कामाच्या जागीच गाठते.

आता भारताकडे वळावे. येथील करकायद्याचा सांगाडा इंग्रजी कायद्याच्या वळणाचा असल्यामुळे 'सर्वस्वी आणि केवळ' हे शब्द १९२२ च्या कायद्यातून १९६१ च्या कायद्याच्या कलम ३७ मध्ये उतरले, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यानेही तेच तत्त्व स्वीकारले आहे. भारतीय कायद्याने आणखी एक अट स्पष्ट शब्दांत घातली आहे, ती म्हणजे खर्च वैयक्तिक स्वरूपाचा नसावा. इंग्लंडमध्ये जे न्यायाधीशांना निकालपत्रातून सांगावे लागले, ते येथे कायद्यातच लिहिलेले आहे.

परंतु या कलमाच्या जन्मकथेत भारतीय धंदेवाईकांच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. १९६१ चे विधेयक मांडले गेले तेव्हा त्यात 'आवश्यकपणे' हा तिसरा शब्दही होता. व्यापारी वर्गातून त्याला विरोध झाला आणि तो गाळण्यात आला. मुंबईच्या ससून जे. डेव्हिड कंपनीच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने या इतिहासाची मुद्दाम दखल घेतली, आणि खर्च अगदी अटळ होता हे सिद्ध करण्याचे ओझे करदात्यावर नाही, असे सांगितले. धंद्याच्या हिताच्या दृष्टीने तो शहाणपणाचा होता एवढे पुरे. तेव्हा एखाद्या कंत्राटदाराने माणसांना साध्याऐवजी चांगल्या प्रतीचे बूट घेऊन दिले, तर इतके महाग कशाला, असे म्हणून अधिकाऱ्याला तो खर्च उडवून लावता येत नाही.

उलटपक्षी, जेथे खर्च माणसाच्या देहाशी जडलेला आहे तेथे भारतीय न्यायालयेही इंग्लिश न्यायाधीशांच्याच वाटेने गेली आहेत. सुप्रसिद्ध विधिज्ञ शांती भूषण यांनी आपल्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून मागितला होता. हृदय हे वकिलाचे उपकरण आहे, त्याच्या दुरुस्तीने वकिली वाढली, असा त्यांचा युक्तिवाद. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो नाकारला. हृदय वकिलाला लागते तसे ते प्रत्येक जिवंत माणसाला लागते. त्याला यंत्रसामग्री म्हणता येणार नाही, आणि त्यावरील खर्च केवळ व्यवसायासाठी झाला असेही म्हणता येणार नाही. लघुलेखकाचे आजारपण, वकीलबाईंचा काळा पोशाख आणि विधिज्ञांचे हृदय ही तिन्ही प्रकरणे एकाच माळेत ओवलेली आहेत.

भारतीय कंत्राटदाराच्या रोजच्या व्यवहारात याचा अर्थ काय होतो? त्याने आपल्या मजुरांसाठी शिरस्त्राणे, बूट, हातमोजे, उंचीवर बांधावयाचे पट्टे आणि चकचकीत जाकिटे घेतली, तर तो खर्च निर्विवादपणे धंद्याचा आहे. तसे करणे हे त्याचे कर्तव्यही आहे. बांधकाम मजुरांसंबंधीच्या १९९६ च्या कायद्याने आणि त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी ते त्याच्यावर टाकले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेने तेच सूत्र पुढे चालविले आहे. त्याने स्वतः कामावर वापरावयाची तशीच साधने घेतली, तर तीही याच न्यायाने चालावीत. मात्र अभियंत्यांच्या बैठकीसाठी घेतलेला कोट, उद्घाटनासाठी घेतलेला रेशमी कुर्ता आणि बाराही महिने पायांत असणाऱ्या चपला या घरखर्चात पडतात. वकिलाच्या बाबतीत झगा आणि गळपट्ट्या यांचा पक्ष बळकट, कारण त्या न्यायालयाबाहेर निरुपयोगी आहेत. साध्या पांढऱ्या सदऱ्याचा पक्ष दुबळा.

त्यातही बहुतेक लहान कंत्राटदारांना या वादात पडण्याचे कारणच उरत नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४ एडी प्रमाणे दोन कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला, आणि रोखीची आवक पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंतचा कंत्राटदार, आपल्या उलाढालीच्या आठ टक्के हाच नफा मानून कर भरू शकतो. बँकेमार्फत आलेल्या रकमेवर हे प्रमाण सहा टक्के आहे. तांत्रिक सल्लागार, वकील, वास्तुशिल्पी यांच्यासाठी कलम ४४ एडीए प्रमाणे निम्मी जमा हा नफा मानला जातो, आणि त्याची मर्यादा पन्नास, तर वरील अट पाळल्यास पंचाहत्तर लाखांची आहे. नव्या कायद्यातही ही सोय ठेवली आहे. या पद्धतीत सर्व खर्च आधीच वजा झाला असे गृहीत धरले जाते. मग बुटांची पावती वेगळी दाखवता येत नाही आणि दाखवण्याची गरजही पडत नाही. पगारदारास मालकाकडून गणवेशासाठी मिळणारा भत्ता, तो खरोखर गणवेशावर खर्च झाला असेल तेवढ्यापुरता, जुन्या करपद्धतीत करमुक्त असतो. स्वतः खर्च करून वजावट मागण्याची वाट त्याला नाही.

जो कंत्राटदार पूर्ण हिशेब ठेवतो, त्याने काही पथ्ये पाळावीत. पावती धंद्याच्या नावाने घ्यावी आणि तिच्यावर 'कपडे' असे मोघम न लिहिता वस्तूचे नाव लिहून घ्यावे. 'सुरक्षा बूट, बारा जोड' असे लिहिलेली पावती स्वतःच साक्ष देते. ती साधने कोणाला आणि केव्हा दिली याची साधी वही ठेवावी व मजुराची सही वा अंगठा घ्यावा. एका दिवसात एकाच व्यापाऱ्याला दहा हजारांहून अधिक रक्कम रोख दिली तर तो खर्च, कितीही खरा असला तरी, वजावटीस मुकतो. म्हणून मोठी खरेदी बँकेमार्फत करावी. आणि घरची खरेदी त्या पावतीत मिसळू नये. २०१६ च्या वित्त अधिनियमाने उत्पन्न कमी दाखवणाऱ्यास चुकविलेल्या कराच्या पन्नास टक्के, आणि खोटी माहिती देणाऱ्यास दोनशे टक्के दंडाची तरतूद केली. एका सूटाच्या मोहाने संपूर्ण हिशेबावरचा विश्वास उडावा, हा सौदा परवडणारा नाही.

या सर्व नियमांत अन्याय मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. ज्या रंगाऱ्याची विजार दोन महिन्यांत रंगाने कडक होऊन फाटते, त्याला ती साधी विजार आहे म्हणून नकार मिळतो, हे त्याला पटणे कठीण आहे. रोजंदारीवरच्या मजुराची स्थिती तर याहून वाईट. त्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असल्यामुळे स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या बुटांची वजावट त्याला कायद्याने दिली तरी तिचा त्याला उपयोग नाही. वजावटीचा फायदा ज्याला कर भरावा लागतो त्यालाच होतो. म्हणूनच ही साधने देण्याचे कर्तव्य कायद्याने मजुरावर न टाकता कंत्राटदारावर टाकले, आणि तो खर्च वजा करण्याचा हक्कही त्यालाच दिला. बूट न देणारा कंत्राटदार जेव्हा खर्च परवडत नाही असे म्हणतो, तेव्हा त्या खर्चातील कराचा वाटा सरकारने आपण होऊन सोडून दिलेला असतो, हे तो सांगत नाही.

सारांश, कपड्याची किंमत काय, तो कोणी सक्तीने घालावयास लावला, किंवा घालणाऱ्याला तो आवडतो की नाही, या गोष्टींना करकायद्यात फारसे महत्त्व नाही. काम संपल्यावर तोच कपडा अंगावर ठेवून माणूस संकोच न करता बाजारात, देवळात वा पाहुण्यांकडे जाऊ शकतो का, हे पाहावे. जाऊ शकत असेल तर तो खर्च माणसाचा. आणि काम संपताच तो खुंटीला टांगून ठेवावा लागत असेल, तर बहुधा तो धंद्याचा.